एका क्लबच्या खेळाडूची कारकीर्द कशी मांडावी: नमुना टॉम फिनींचा

सगळी कारकीर्द एकाच क्लबमध्ये काढलेल्या इंग्लिश फुटबॉलपटूवर लिहायला बसलं की पहिलं वाक्य आपसूक सुचतं: 'हा खेळाडू आपल्या क्लबशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिला.' ते वाक्य बाजूला ठेवा. आधी आकडे, मग त्या काळचे नियम आणि निष्ठेचा मुद्दा सगळ्यात शेवटी, असा क्रम धरला तर लेख टिकतो. उलट्या क्रमाने गेलात तर आकडे चुकतात आणि निष्ठाही पोकळ वाटते.

नमुन्यासाठी टॉम फिनी घेऊ. जन्म ५ एप्रिल १९२२, गाव लँकेशायरमधलं प्रेस्टन, क्लब प्रेस्टन नॉर्थ एंड, मैदान डीपडेल, पेशा नळजोडणीचा. एका क्लबच्या खेळाडूवर लिहिताना जेवढे खड्डे लागतात तेवढे सगळे या एका कारकिर्दीत आहेत. महायुद्धाने खाल्लेली वर्षं, परदेशातून आलेली भरघोस ऑफर, लीगच्या खालच्या विभागात (म्हणजे खालच्या पातळीवर) गेलेला संघ आणि निवृत्तीनंतर दुसऱ्याच संघाकडून खेळलेला एक सामना. फिनींची नोंद नीट करता आली की बाकीच्यांची सोपी जाते.

तक्ता आखा

एक कोरा कागद किंवा स्प्रेडशीट घ्या आणि हंगामाला एक ओळ द्या. हंगाम '१९५२-५३' असाच लिहायचा. नुसतं '१९५३' लिहिलं की वाचकाला कॅलेंडर वर्ष वाटतं, कारण इंग्लंडचा हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होऊन मे महिन्याच्या आसपास संपतो. रकाने असे: विभाग, लीगचे सामने, लीगचे गोल, एफए कपचे (लीगहून वेगळ्या, बाद पद्धतीच्या स्पर्धेचे) सामने, कपचे गोल, इतर स्पर्धा, इंग्लंडकडून सामने आणि गोल, जागा (उजवा किंवा डावा विंगर म्हणजे मैदानाच्या कडेने खेळणारा, सेंटर फॉरवर्ड म्हणजे मधला आघाडीचा खेळाडू) आणि शेवटी 'त्या वर्षीचे नियम'. हा शेवटचा रकाना बहुतेक जण आखतच नाहीत, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

लीग आणि कप कधीही एका रकान्यात कोंबू नका. फिनींचे लीगमध्ये ४३३ सामने आणि १८७ गोल, एफए कपमध्ये ४० सामने आणि २३ गोल, एकूण ४७३ सामने आणि २१० गोल. वर्तमानपत्री लेखांत '४३३ सामन्यांत २१० गोल' अशी जोडी झालेली सापडते. एक आकडा लीगचा, दुसरा एकूण. रकाने वेगळे असले की बेरीज करून ही चूक मिनिटभरात पकडता येते. बेरीज जुळली नाही तर पुढे जाऊ नका.

एखाद्या स्पर्धेचा रकाना रिकामा असेल तर तो का रिकामा आहे, हेही तपासा. लीग कप सुरू झाला १९६०-६१ मध्ये, म्हणजे फिनी थांबल्यानंतरच्या हंगामात. युरोपियन कप १९५५-५६ ला सुरू झाला, पण त्यात जायचं तर आपल्या देशाची लीग जिंकावी लागे आणि प्रेस्टनने त्या काळात ती जिंकली नाही. त्यामुळे लिव्हरपूलच्या जेमी कॅरागरचे ७३७ सामने आणि फिनींचे ४७३ शेजारी ठेवून 'कोण जास्त खेळला' म्हणणं अन्यायाचं आहे. कॅरागरच्या आकड्यात लीग कपही आहे, युरोपही आहे आणि बदली म्हणून मैदानात उतरलेले सामनेही आहेत. इंग्लिश लीगमध्ये बदली खेळाडूला परवानगी मिळाली १९६५-६६ पासून. फिनींच्या ४३३ पैकी प्रत्येक सामन्यात ते पहिल्या शिट्टीला मैदानावर होते. नंतरच्या काळातल्या खेळाडूसाठी 'सुरुवातीपासून' आणि 'बदली' असे दोन पोटरकाने करा.

युद्धाची वर्षं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश जा.

फिनी १९३८ मध्ये प्रेस्टनमध्ये दाखल झाले, पण पूर्णवेळ नाही. वडिलांची अट होती की आधी नळकामाची उमेदवारी पुरी करायची. व्यावसायिक करारावर सही झाली जानेवारी १९४० मध्ये. तोवर सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होऊन लीग तीनच फेऱ्यांनंतर बंद पडली होती आणि त्या फेऱ्या अधिकृत नोंदीतून वगळल्या गेल्या. त्यानंतर प्रादेशिक लीग आणि युद्धकालीन कप अशा स्पर्धा भरत राहिल्या. १९४१ चा युद्धकालीन कप प्रेस्टनने जिंकला. वेम्बलीवर आर्सेनलशी १-१ अशी बरोबरी झाली आणि ब्लॅकबर्नला झालेला फेरसामना प्रेस्टनने २-१ असा घेतला. एकोणीस वर्षांचे फिनी या अंतिम लढतीत खेळले. तरी हे सामने ४७३ मध्ये नाहीत, आणि हा कप म्हणजे एफए कप नव्हे.

पुढे १९४२ मध्ये फिनींना सैन्यात बोलावणं आलं. रॉयल आर्मर्ड कोअरमधून ते इजिप्त आणि मग इटलीत गेले. लीगचा पहिला अधिकृत सामना ३१ ऑगस्ट १९४६ ला, लीड्स युनायटेडविरुद्ध, प्रेस्टन ३-२ ने विजयी. तेव्हा त्यांचं वय २४ होतं. विंगरच्या पायात सगळ्यात जास्त वेग असतो ती वर्षं युद्धात गेली. हे लिहिल्याशिवाय ४३३ हा आकडा वाचकापुढे ठेवू नये.

नोंद करताना तीन तारखा वेगळ्या ठेवा: क्लबमध्ये दाखल, व्यावसायिक करार, लीगमधला पहिला सामना. 'किती वर्षं खेळले' याचं उत्तर यातली कुठली तारीख धरता यावर बदलतं. फिनींसाठी 'लीगचे १४ हंगाम, १९४६-४७ ते १९५९-६०' हे वाक्य निर्विवाद आहे. युद्धकालीन सामन्यांसाठी तक्त्याखाली स्वतंत्र ओळ ठेवा. ते पुसूनही टाकू नका आणि बेरजेतही घेऊ नका. आणखी एक खाचखळगा: एफए कप १९४५-४६ मध्येच पुन्हा सुरू झाला, लीग मात्र १९४६-४७ मध्ये. त्यामुळे त्या पिढीतल्या एखाद्याचा कपमधला अधिकृत सामना लीगच्या पहिल्या सामन्याच्या आधीचा निघाला तर ती छपाईची चूक समजून तारीख 'दुरुस्त' करू नका. बोल्टन वाँडरर्सचे नॅट लॉफ्टहाउस क्लबच्या पहिल्या संघात पहिल्यांदा खेळले मार्च १९४१ मध्ये, पण त्यांचे लीगचे ४५२ सामने आणि २५५ गोल मोजले जातात ते १९४६ पासून.

न खेळलेले सामनेही मोजा

त्या वेळी पहिल्या दोन विभागांत २२-२२ संघ होते, म्हणजे हंगामात ४२ सामने. १४ हंगामांचे होतात ५८८. त्यातून ४३३ वजा केले की १५५ उरतात. कारणं मुख्यतः दोन. एक दुखापत. चिखलाची मैदानं, जड चामडी चेंडू आणि पाठीमागून येणारे टॅकल यांत विंगरचे घोटे नि जांघा पिचून निघत. दुसरं कारण आज लक्षातही येत नाही: शनिवारी इंग्लंडचा सामना असला तरी लीग थांबत नसे. खेळाडू देशाकडून बेलफास्टला आणि त्याच दुपारी त्याचा क्लब त्याच्याविना खेळतोय, असं सर्रास घडे. म्हणून अशा रिकाम्या शनिवारी 'संघाबाहेर बसवलं' असं लिहिण्याआधी इंग्लंडच्या सामन्यांची तारीख पाहून घ्या.

इंग्लंडकडून फिनी ७६ सामने खेळले आणि ३० गोल केले. पहिला सामना २८ सप्टेंबर १९४६, बेलफास्टमध्ये उत्तर आयर्लंडविरुद्ध. इंग्लंड ७-२, त्यात फिनींचाही गोल. १९५०, १९५४ आणि १९५८ असे तीन विश्वचषक. १९५८ मध्ये सोव्हिएत संघाविरुद्ध त्यांनी पेनल्टीवर गोल केला, पण त्याच सामन्यात दुखावले आणि पुढे त्या स्पर्धेत उतरले नाहीत.

जागेचा रकाना इथे कामी येतो. ७६ पैकी ४० सामने उजव्या बाजूला, ३३ डाव्या बाजूला आणि ३ सेंटर फॉरवर्ड म्हणून. मूळ पाय डावा. इंग्लंडचे दुसरे नामांकित विंगर स्टॅन्ली मॅथ्यूज उजवीकडे असले की फिनींना डावीकडे पाठवत. लिस्बनमध्ये २५ मे १९४७ ला पोर्तुगालला १०-० ने हरवलं तेव्हा हे दोघे दोन बाजूंना होते. 'मॅथ्यूज की फिनी' हा वाद त्या काळी इंग्लंडभर रंगला. लेखात तो जरूर घ्या, पण ते एकाच संघात एकत्र खेळत होते हेही सांगा. क्लबमध्ये फिनी १९५६ पासून सेंटर फॉरवर्ड झाले. त्यामुळे त्यांची सगळी कारकीर्द 'उजवा विंगर' या दोन शब्दांत बसत नाही. गोलांची तुलनाही जागा पाहूनच करा. लॉफ्टहाउस लीगमध्ये सामन्यामागे ०.५६ गोल, फिनी ०.४३. एक जन्मभर सेंटर फॉरवर्ड, दुसरा बहुतेक काळ बाजूने चेंडू आत देणारा. विंगरने दिलेले पास तेव्हा कुणी अधिकृतपणे मोजत नसे, म्हणून 'अमुक इतके असिस्ट' असा आकडा कुठे दिसला तर तो घेऊ नका.

जिंकलं काय, हुकलं काय

हा भाग छोटा. १९५०-५१ चं दुसऱ्या विभागाचं विजेतेपद. पहिल्या विभागात दोनदा उपविजेते, १९५२-५३ आणि १९५७-५८. १९५४ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात वेस्ट ब्रॉमिच अल्बियनकडून ३-२ ने हार. वैयक्तिक मान म्हणजे फुटबॉल लेखकांच्या संघटनेचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू, १९५४ आणि १९५७. हा मान दोनदा मिळवणारे ते पहिले.

१९५२-५३ मात्र उलगडून सांगायलाच हवं. आर्सेनल आणि प्रेस्टन, दोघांचे ५४ गुण. विजयाला तेव्हा दोन गुण मिळत. बरोबरी सोडवायला गोल फरक (केलेले वजा खाल्लेले गोल) वापरत नसत, गोल सरासरी वापरत. केलेल्या गोलांना खाल्लेल्या गोलांनी भागायचं. आर्सेनल ९७ भागिले ६४, म्हणजे १.५१६. प्रेस्टन ८५ भागिले ६०, म्हणजे १.४१७. एवढ्या अंतराने फिनींच्या हातून लीगचं पदक गेलं. गोल फरकाचा नियम १९७६-७७ पासून आला. तो लावला असता तरी आर्सेनल ३३ आणि प्रेस्टन २५, निकाल तोच. 'जुन्या नियमामुळे विजेतेपद हुकलं' असं म्हणू नका, ते खोटं आहे.

आता निष्ठा

आपल्याला क्रिकेटची सवय. खेळाडू एकाच रणजी संघाकडून वीस वर्षं खेळला की आपण त्यात आश्चर्य मानत नाही, कारण संघ गावाशी, राज्याशी बांधलेला असतो. इंग्लिश फुटबॉल विकत घेण्याचा आणि विकण्याचा बाजार आहे, त्यामुळे तिथे न हलणं उठून दिसतं. पण न हलण्याची कारणं तीन प्रकारची असतात आणि ती वेगवेगळी मांडावी लागतात: हलता येत नव्हतं, हलून फायदा नव्हता, हलायचंच नव्हतं.

पहिलं कारण नियमाचं. फिनींच्या काळात करार वर्षाचा असे, पण करार संपला म्हणून खेळाडू मोकळा होत नसे. हंगामाअखेर क्लब 'राखून ठेवलेल्या' खेळाडूंची यादी लीगकडे पाठवी. त्या यादीत नाव असलं की नोंदणी क्लबकडेच राही आणि दुसऱ्या कुठल्याही लीग क्लबमध्ये त्याला खेळता येत नसे. न्यूकॅसल युनायटेडविरुद्ध जॉर्ज ईस्टहॅम यांच्या खटल्यात ही पद्धत व्यवसायस्वातंत्र्यावर गैरवाजवी बंधन घालणारी ठरली, तो निकाल १९६३ चा. करार संपल्यावर खेळाडू फुकट दुसऱ्या क्लबमध्ये जाऊ शकतो, हे युरोपीय न्यायालयाने बोस्मन प्रकरणात डिसेंबर १९९५ मध्ये ठरवलं. या दोन तारखा तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात ठळक लिहा. १९६३ च्या आधीचा, १९६३ ते १९९५ मधला आणि १९९५ नंतरचा एका क्लबचा खेळाडू ही तीन वेगळी माणसं आहेत. पॉल स्कोल्स मँचेस्टर युनायटेडमध्ये राहिले तेव्हा दार उघडं होतं. फिनींच्या दाराला बाहेरून कडी होती.

दुसरं कारण पगाराचं. सगळ्या क्लबांना कमाल पगाराची मर्यादा एकच होती, ती जानेवारी १९६१ मध्ये उठली. १९५२ च्या सुमारास ती हंगामात आठवड्याला १४ पौंड होती, उन्हाळ्यात १२. प्रेस्टन सोडून आर्सेनलला गेलं तरी उघडपणे तेवढेच पैसे. त्यात फिनींचा भावाबरोबर नळजोडणीचा आणि विजेच्या कामांचा धंदा प्रेस्टनमध्येच होता, म्हणजे गाव सोडण्यात नुकसानच. एका क्लबच्या जुन्या खेळाडूवर लिहिताना त्याचा जोडधंदा, घर आणि कुटुंब कुठे होतं हे शोधाच. निष्ठेचं निम्मं उत्तर तिथे सापडतं.

आणि मग पलेर्मो. १९५२ मध्ये इटलीतल्या त्या क्लबच्या अध्यक्षाने फिनींपुढे प्रस्ताव ठेवला: सहीचे १०,००० पौंड, महिन्याला शंभरावर पौंड, समुद्राजवळ घर, गाडी. हिशोब मांडून पाहा. हंगामाचे साधारण ३९ आठवडे १४ पौंडांनी आणि उरलेले १३ आठवडे १२ पौंडांनी धरले तर वर्षाचे होतात सुमारे ७०० पौंड. नुसती सहीची रक्कमच चौदा वर्षांच्या पगाराइतकी. फिनींनी विषय क्लबपुढे ठेवला आणि अध्यक्षांनी साफ नकार दिला. क्लबच्या संमतीशिवाय जायचं तर वाट एकच, नियमाबाहेरची. स्टोक सिटीचे नील फ्रँकलिन १९५० मध्ये त्या वाटेने कोलंबियात गेले, कारण तिथली लीग फिफाच्या बाहेर होती. परत आले तेव्हा बंदी लागली आणि इंग्लंडकडून पुन्हा कधीच खेळले नाहीत. दुसरीकडे, लीड्सने जॉन चार्ल्स यांना १९५७ मध्ये ६५,००० पौंडांना युव्हेंटसला जाऊ दिलं. आदल्या वर्षी त्यांचा स्टँड जळाला होता आणि क्लबला पैशांची गरज होती. क्लबला हवं असलं तर दार उघडत होतं.

म्हणून 'फिनींनी पलेर्मोला नकार दिला' हे वाक्य चूक आहे. नकार क्लबचा होता. फिनींच्या हातात उरलं ते एवढंच, की त्या नकारानंतर कसं खेळायचं. पुढच्याच हंगामात प्रेस्टन गुणांवर आर्सेनलच्या बरोबरीला आलं. मनात अढी धरलेला खेळाडू असं खेळत नाही. आमच्या मते फिनींची निष्ठा लिहायची ती इथे, करारात नव्हे. १९४९ मध्ये संघ दुसऱ्या विभागात घसरला आणि दोन हंगामांत त्याला वर आणणाऱ्यांत ते होते, हाही त्याचाच पुरावा. थांबल्यानंतर ते पुढे क्लबचे अध्यक्षही झाले.

'एकच क्लब' ही कसोटी

शेवटची चाचणी. लोनवर, म्हणजे काही काळापुरता दुसऱ्या क्लबकडे उसना गेलेला खेळाडू चालेल का? वेस्ट हॅमचे मार्क नोबल २००६ मध्ये हल आणि इप्सविचला लोनवर गेले होते. बरेच जण तरीही त्यांना या यादीत धरतात. आम्ही धरत नाही, पण धरलंत तर टीप द्या. निवृत्त होऊन त्याच क्लबमध्ये परतलेला चालतो: स्कोल्स २०११ मध्ये थांबले, जानेवारी २०१२ मध्ये परतले, २०१३ मध्ये कायमचे थांबले. त्यांच्या ओळीत दोन तारखा हव्यात.

फिनींची अडचण निराळी. शेवटचा लीग सामना ३० एप्रिल १९६०, लूटन टाउनविरुद्ध, वय ३८. जांघेच्या दुखापतीने खेळ थांबवला. पण सप्टेंबर १९६३ मध्ये, ४१ व्या वर्षी, ते बेलफास्टच्या डिस्टिलरी संघाकडून युरोपियन कपमध्ये बेन्फिकाविरुद्ध उतरले आणि सामना ३-३ सुटला. यामुळे 'आयुष्यात फक्त प्रेस्टनकडून खेळले' हे वाक्य पडतं. 'इंग्लिश लीगमध्ये फक्त प्रेस्टनकडून' हे टिकतं. तेच लिहा आणि डिस्टिलरीचा सामना लपवू नका. १९६१ आणि १९६२ चा युरोपियन कप जिंकलेल्या बेन्फिकाशी एकेचाळिसाव्या वर्षी खेळणं ही काही झाकून ठेवायची गोष्ट नाही.

मराठीत नावं

इंग्रजी स्पेलिंगवरून नावं उतरवू नका, उच्चारावरून उतरवा. डर्बी नव्हे, डार्बी. लेस्टर, नॉरिच, टॉटनम, फुलम, बर्मिंगम. ब्रॉमविच नव्हे, ब्रॉमिच. फिन्नी नव्हे, फिनी. एकदा ठरवलेलं रूप तक्त्यात, मजकुरात आणि चित्राखालच्या ओळीत एकच ठेवा. पिवळं-लाल कार्डही सांभाळून वापरा. कार्डं विश्वचषकात आली १९७० मध्ये, इंग्लिश लीगमध्ये १९७६ मध्ये. फिनींच्या काळात पंच वहीत नाव लिहून घेत, म्हणून 'एकही कार्ड मिळालं नाही' हा शब्दप्रयोग त्यांच्या बाबतीत निरर्थक आहे. 'पंचांनी कधी नाव लिहून घेतलं नाही' असं म्हणा.

तक्ता भरून झाला की मजकुराचा पहिला परिच्छेद साधारण असा बसतो:

'टॉम फिनी (१९२२-२०१४), प्रेस्टन नॉर्थ एंडचे विंगर आणि नंतर सेंटर फॉरवर्ड. १९४० मध्ये व्यावसायिक झाले, युद्धामुळे लीगचा पहिला सामना १९४६ मध्ये. १४ हंगामांत लीगचे ४३३ सामने, १८७ गोल. एफए कप धरून ४७३ आणि २१०. इंग्लंडकडून ७६ सामने, ३० गोल. लीग आणि एफए कप कधी जिंकले नाहीत. इंग्लिश लीगमध्ये दुसऱ्या क्लबकडून खेळले नाहीत. १९५२ मध्ये पलेर्मोचा प्रस्ताव क्लबने फेटाळला. १९९८ मध्ये सर ही पदवी.'

छायाचित्र हवं असेल तर १९५६ चं स्टॅमफर्ड ब्रिजवरचं घ्या. पाणी साचलेल्या मैदानावर चेल्सीविरुद्ध फिनी चेंडूमागे घसरत जातायत आणि दोन्ही बाजूंनी पाणी उडतंय. डीपडेलबाहेरचा २००४ चा पुतळा त्याच क्षणाचा आहे, कारंज्यासकट. चित्राखाली मैदानाचं नाव स्टॅमफर्ड ब्रिजच लिहा. पुतळा प्रेस्टनमध्ये असल्यामुळे तिथे बऱ्याचदा डीपडेल छापलं जातं.